ब्रेक ऑइलमध्ये ऑइल नसतं: नांदेड-लातूरच्या जुन्या गाड्या आणि एका छोट्या बाटलीचा इतिहास

जुनी मोटारसायकल वापरणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. पुढचा ब्रेक ढिला लागायला लागतो, लीव्हर पार मुठीला टेकतो. मिस्त्री म्हणतो, ब्रेक ऑइल बदलून टाका. आपण नांदेडच्या वजिराबादेत नाहीतर लातूरच्या गंजगोलाईजवळ स्पेअर पार्टच्या दुकानात जातो आणि काउंटरवरचा माणूस विचारतो, "डॉट थ्री देऊ का डॉट फोर?" आपण गडबडतो. मग शेजारी उभा असलेला कुणीतरी सांगतो, "फोरच घ्या, भारी असतंय." मागून तिसरा म्हणतो, "फाइव्ह आलंय आता, ते टाका."

माझा पीएचडीचा विषय मराठवाड्यातल्या गाड्यांच्या दुरुस्ती-देखभालीचा इतिहास हा आहे. "यात इतिहास कसला?" असं घरचे लोकही विचारतात. तर आज ही एकच बाटली घेऊन सांगायचा प्रयत्न करते. थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते आधीच देऊन टाकते: गाडीच्या हँडलवर ब्रेक ऑइलची जी डबी असते, तिच्या झाकणावर जे लिहिलंय, ते टाकायचं. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आपली गत असते. पण झाकणावर तेच का लिहिलंय, आणि "भारी" म्हणून दुसरं काही टाकलं तर काय होतं, हे समजायला शंभर वर्षं मागं जावं लागतं.

आधी बघा, तुमच्या गाडीत ते आहे का

आपल्याकडच्या बहुतेक खऱ्या जुन्या गाड्यांना हा प्रश्न लागूच होत नाही. मद्रासमध्ये १९५५ पासून बनू लागलेली बुलेट, म्हैसूरची जावा आणि नंतरची येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत या सगळ्या ड्रम ब्रेकच्या गाड्या. लीव्हर दाबला की केबल ओढली जाते, मागं पाय दाबला की रॉड ओढला जातो, ड्रममधले लायनर फाकतात आणि चाक थांबतं. मध्ये द्रव पदार्थाचा थेंबही नाही. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्यानं १०० सीसीच्या गाड्या आल्या. १९८४ ला इंड-सुझुकी, १९८५ ला हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, १९८६ ला कावासाकी बजाज. त्याही ड्रमच्याच. यामाहाची आरडी ३५० परदेशात पुढच्या डिस्क ब्रेकसाठी ओळखली जायची. आपल्याकडं १९८३ ला राजदूत ३५० म्हणून आली तेव्हा तिला पुढं ड्रम होता.

म्हणून या गाड्यांचा ब्रेक लागत नसेल तर उत्तर बाटलीत नाही. केबल सुकलीय का, लायनर झिजलेत का, ड्रम आतून गोल राहिलाय का, हे बघायचं.

बाटलीची गोष्ट आपल्या भागात खऱ्या अर्थानं सुरू होते ती १९९९ नंतर. त्या वर्षी हीरो होंडाची सीबीझेड पुढच्या डिस्क ब्रेकसह आली आणि २००१ मध्ये बजाजची पल्सर. डिस्क ब्रेक हे तेव्हा तरुण पोरांचं आकर्षण होतं. गाडी उभी असली की आधी पुढच्या चाकातली ती चकचकीत तबकडी दाखवली जायची. आज त्याच गाड्या "जुन्या" झाल्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. एमएच २४ आणि एमएच २६ च्या पाटीखाली, तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती, शेताकडं किंवा शिकवणीला जाणाऱ्या पोराच्या हाती त्या अजून धावताहेत. माझ्या दृष्टीनं या प्रश्नातली खरी जोखीम इथंच आहे. नवी गाडी घेणाऱ्याकडं कंपनीचं पुस्तक असतं, सर्व्हिसिंगची तारीख असते. चौथ्या मालकाकडं फक्त गाडी असते. आधीच्या तिघांनी त्या डबीत काय ओतलं, हे त्याला कुणी सांगत नाही.

एरंडेलापासून सुरुवात

द्रवानं ब्रेक दाबण्याची कल्पना मोटारगाड्यांची. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यानं १९१७ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असा ब्रेक बसला. तत्त्व शाळेत शिकलेलं पास्कलचं: बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो तसाच दुसऱ्या टोकाला पोचतो. केबल ताणते, रॉडचे सांधे झिजतात. द्रव मात्र दाबला जात नाही. निदान तो द्रव असतो तोवर तरी.

पण नळीत भरायचं काय? पाणी गोठतं, उकळतं, गंज चढवतं. इंजिनचं तेल, म्हणजे खनिज तेल, वंगणाला चांगलं. पण नळीच्या दोन्ही टोकांना रबराच्या वाट्या असतात, आणि त्या काळचं नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं. वंगणही देईल आणि रबरालाही खाणार नाही, असं काहीतरी हवं होतं. ते सापडलं एरंडेलात.

हो, तेच. आजीनं नाक दाबून पाजलेलं. बोलीत ज्याला आपण येरंड म्हणतो त्याच्या बियांचं तेल. इतर खाद्यतेलांत नसलेला एक गुण त्यात आहे. त्यातलं सुमारे नव्वद टक्के स्निग्धाम्ल एकाच प्रकारचं, रिसिनोलेइक आम्ल. आणि त्याच्या रचनेमुळं एरंडेल अल्कोहोलमध्ये सहज मिसळतं. नुसतं एरंडेल फार घट्ट, थंडीत तर वाहतच नाही. अल्कोहोल घातलं की पातळ होतं, आणि नैसर्गिक रबर जसंच्या तसं राहतं. म्हणून ब्रेकच्या द्रवांच्या पहिल्या पिढीत एरंडेल आणि अल्कोहोल हे मिश्रण जगभर वापरलं गेलं.

ओसाड गावी एरंड बळी, असं आपण तुच्छतेनं म्हणतो. पण नांदेड आणि लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, तो एरंडीचा मोठा मुलूख होता. विशेषतः तेलंगणातले नलगोंडा आणि महबूबनगर हे भाग. बांधावर उगवणाऱ्या या झाडाचं तेल दिव्याला, औषधाला, गाडीच्या चाकाला वापरलं जायचं. त्याच तेलावर दूर डेट्रॉइटच्या मोटारी थांबत होत्या. मोटारीच्या इतिहासात आपण नेहमी यंत्र बाहेरून आलं असं लिहितो. कच्चा माल कुठून कुठं जात होता, ते लिहायचं राहून जातं.

आता शब्दाकडं या. गॅरेजमध्ये आपण सगळे "ब्रेक ऑइल" म्हणतो. पहिल्या पिढीसाठी हा शब्द बरोबर होता, कारण त्यात तेल होतं. आज बाटलीत जे मिळतं त्यात तेल नसतं. वस्तू बदलली, शब्द राहिला. आणि हा राहिलेला शब्दच आज घात करतो. ते कसं, ते पुढं येईलच.

डॉट म्हणजे कोण

अल्कोहोलची अडचण अशी की ते लवकर उकळतं. साधं अल्कोहोल ७८ अंशाला, ब्युटाइल अल्कोहोल ११७ अंशाला. गाड्यांचा वेग वाढला, वजन वाढलं, आणि डिस्क ब्रेक आला. ड्रममध्ये द्रवाचा सिलिंडर उष्णतेपासून जरा लांब असतो. डिस्कमध्ये पॅडच्या पाठीलाच पिस्टन आणि पिस्टनच्या पाठीला द्रव. मोटारसायकलीत हे मोठ्या प्रमाणावर आणलं १९६९ च्या होंडा सीबी ७५० नं.

किती उष्णता होते, याचा एक साधा हिशोब करू. गाडी आणि दोन माणसं मिळून २९० किलो, वेग ताशी ६० किलोमीटर. थांबताना सुमारे ४० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. ती सगळी एक किलोच्या पोलादी डिस्कमध्ये गेली असं धरलं, तर एका थांबण्यात डिस्क जवळजवळ ८० अंशांनी तापते. वाऱ्यानं ती निवते, पण लागोपाठ चार वेळा ब्रेक मारले तर निवायला वेळच मिळत नाही.

म्हणून एरंडेल-अल्कोहोलच्या जागी ग्लायकॉल इथर या रसायनांवर आधारलेले द्रव आले. त्यांचे दर्जे अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं ठरवले. त्या खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे डॉट. अहमदपूरच्या दुकानातल्या बाटलीवरही अमेरिकन सरकारच्या एका खात्याचं नाव असतं, ते असं. भारतीय मानक, आयएस ८६५४, वेगळं आहे. पण बोलीभाषेत रुळला तो डॉटच.

आकडे असे. डॉट ३ कोरं असताना किमान २०५ अंशाला उकळलं पाहिजे, डॉट ४ किमान २३० ला, डॉट ५ आणि डॉट ५.१ किमान २६० ला. पण प्रत्येकाचा दुसराही आकडा असतो, आणि जुन्या गाडीसाठी तोच महत्त्वाचा. द्रवात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान १४० राहिला पाहिजे, डॉट ४ चा १५५, डॉट ५ आणि ५.१ चा १८०. बघा, ६५ ते ८० अंशांची घसरण फक्त पाण्यामुळं.

पाणी येतं कुठून

बंद नळीत पाणी कसं शिरेल? ग्लायकॉल इथर हवेतला दमटपणा ओढून घेतं. पावसाळ्यात मीठ जसं पाणावतं, तसंच. रबरी होजमधून, वाट्यांच्या कडेनं, झाकणातल्या हवेच्या खाचेतून, आणि सगळ्यात जास्त म्हणजे उघड्या ठेवलेल्या बाटलीतून. मराठवाडा कोरडा भाग खरा. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे कुणी विसरलेलं नाही. पण जून ते सप्टेंबर हवा दमट असते, आणि ब्रेकच्या द्रवाला तेवढं पुरतं. एकदा ओढलेलं पाणी तो उन्हाळ्यात परत देत नाही, साठत जातं.

हे ओढून घेणं म्हणजे दोष आहे असं वाटतं, पण त्यामागं विचार आहे. पाणी द्रवात मिसळून राहिलं तर एका जागी साचत नाही. साचलं तर कॅलिपरच्या तळाशी बसून पिस्टनला गंज लावेल, आणि तिथंच उकळेल. म्हणजे हा द्रव पाणी स्वतःत घेऊन हळूहळू खराब होतो, आणि आपण तो ठरावीक काळानं बदलावा अशी त्यात अपेक्षा आहे. साधारण दोन वर्षांनी. आपल्याकडं मात्र "कमी झालं तरच टाकायचं" अशी रीत आहे. इंजिन ऑइल काळं होतं म्हणून बदललं जातं. ब्रेक ऑइल दिसतच नाही, म्हणून ते राहून जातं.

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेनं, खंडाळ्यासारखा घाट नाही. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, नांदेड साडेतीनशेच्या आसपास. उतार आहे, पण लांबवर पसरलेला. मग द्रव उकळण्याइतकी उष्णता येते कुठून? जुन्या गाडीत ती अडकलेल्या पिस्टनमधून येते. कॅलिपरमध्ये गंज आणि धूळ बसली की लीव्हर सोडल्यावरही पॅड पूर्ण मागं येत नाही, डिस्कला घासत राहतो. गाडी जरा जड ओढते, एवढंच कळतं. वीस-पंचवीस किलोमीटर असं घासत गेल्यावर समोर अचानक ट्रॅक्टर आला आणि ब्रेक दाबला, तर आतलं पाणी वाफ होतं. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. लीव्हर मुठीला टेकतो आणि गाडी तशीच पुढं जाते. दहा मिनिटांनी निवल्यावर बघितलं तर ब्रेक ठीक लागतो. म्हणूनच अशा अपघातानंतर "ब्रेक तर चालू होता" असं सांगितलं जातं, आणि तपासणाऱ्यालाही तसंच दिसतं.

शब्द घात करतो तो असा

आता "ऑइल" या शब्दाकडं परत येऊ. डबीतली पातळी कमी दिसली, ब्रेकची बाटली जवळ नाही, आणि नाव तर ऑइल आहे. मग कुणीतरी जवळचं इंजिन ऑइल चार थेंब टाकतो. आजच्या ब्रेकमधलं रबर ग्लायकॉलसाठी बनवलेलं असतं. खनिज तेलात ते फुगतं.

फुगल्यावर जे होतं ते उलटंच असतं. हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. लीव्हर सोडलेला असताना, तापून फुगलेला द्रव त्या छिद्रातून डबीत परत जातो. रबराची वाटी फुगली की ती हे छिद्र झाकते. मग द्रव तापतो, फुगतो, पण परतीची वाट बंद. न दाबताच ब्रेक लागायला लागतो, त्यानं अजून तापतो, अजून लागतो. शेवटी पुढचं चाक चालत्या गाडीत जाम होऊ शकतं. एवढं झाल्यावर नुसतं ऑइल बदलून भागत नाही; मास्टर सिलिंडर आणि कॅलिपरचं किट, होज, सगळं रबर बदलावं लागतं.

मग कोणतं टाकायचं

झाकणावर डॉट ३ असेल तर डॉट ३ टाका. त्या जागी डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच घराण्यातले आहेत; पण डॉट ४ लिहिलेल्या गाडीत डॉट ३ टाकू नका, उत्कलनबिंदू खाली येतो. आणि डॉट ४ "भारी" आहे ते कोरं असताना. तीन वर्षं न बदललेलं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षा कधीही वाईट.

डॉट ५ आणि डॉट ५.१ या नावांनी सगळ्यात जास्त गोंधळ घातलाय. डॉट ५.१ हे ग्लायकॉलचंच, ३ आणि ४ च्या नात्यातलं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, बहुतेक जांभळ्या रंगाचं. ते पाणी ओढत नाही, आणि बाकीच्यांत मिसळतही नाही. हार्ले-डेव्हिडसननं ते अनेक वर्षं वापरलं, म्हणून त्याचा बोलबाला झाला. आपल्या सीबीझेड-पल्सरसाठी ते नाही. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, हा हिशोब इथं चालत नाही.

जुन्या बुलेटला कुणी नंतर डिस्कचं किट बसवलं असेल, तर बुलेटच्या पुस्तकात उत्तर शोधू नका, त्यात ते नसणार. बसवलेल्या मास्टर सिलिंडरचं झाकण बघा.

गाडी चौथ्या हाताची असेल आणि आत काय आहे ते माहीत नसेल, तर वरून भर घालू नका. सगळं जुनं काढून, नवं भरून, एअर काढून घ्या. निघालेला द्रव एका काचेच्या बाटलीत घेऊन बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक, चहासारखा असेल तर उशीर झालाय, आणि दोन थर वेगळे दिसले तर कुणीतरी भलतंच काही ओतलंय. मग किट बदला. पॅड झिजला की डबीतली पातळी आपोआप थोडी उतरते, म्हणून पातळी खाली दिसली तर आधी पॅड बघा. बाटली छोटी आणि सीलबंद घ्या. उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. टाकीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उडतो.

यात इतिहास कुठं आहे

डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराचं "द शॉक ऑफ द ओल्ड" हे २००६ चं पुस्तक आहे. त्यात तो सांगतो की तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांच्या तारखांनी लिहितो, पण लोक जगतात ते वापरातल्या, दुरुस्त केलेल्या जुन्या वस्तूंबरोबर. डेव्हिड अर्नोल्ड यानं २०१३ च्या पुस्तकात भारतातल्या सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर अशा रोजच्या यंत्रांकडं याच नजरेनं बघितलं.

मराठवाड्यात हे फार लागू पडतं. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेनं जून १९३२ मध्ये २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन रस्ता-वाहतूक सुरू केली, हा आकडा सगळीकडं सापडतो. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ ला आला, हेही सापडतं. गाड्या किती आल्या, ते कागदावर आहे. त्या चालत्या कशा राहिल्या, ते मिस्त्रीच्या हातात आणि गॅरेजच्या बोलीत आहे, आणि ती बोली एक पिढी मागची वस्तू आजच्या वस्तूला चिकटवून चालते. "ब्रेक ऑइल" हा असाच एक शब्द.

म्हणून माझं काम बरंचसं शब्द गोळा करण्याचं आहे. शब्द बदला असा माझा आग्रह नाही; लोक ब्रेक ऑइलच म्हणणार, मीही म्हणते. पण गाडी विकताना एवढं करा: आत कोणतं ऑइल आहे आणि कधी टाकलं, ते एका चिठ्ठीवर लिहून आरसीच्या कागदांबरोबर द्या. पुढच्या मालकाला गाडीचा तेवढा तरी इतिहास मिळेल, आणि तो त्याच्या उपयोगाचा असेल.